लहान आगगाडी आणि खरें माप

आगगाडी पाहून ज्याची मान वळत नाहीं असा मुलगा आम्हांस अद्यापि भेटावयाचा आहे. आचोळ्याच्या मुलांच्या कानांत तर विरार गाडीचा आवाज जन्मापासून भरलेला असतो. स्टेशनावर न जातां, नुसत्या खडखडाटावरून ही गाडी जलद कीं धीमी हें सांगणारे दोघे-तिघे विद्यार्थी आमच्या वर्गांत आहेत. असें असतां शाळेच्या प्रदर्शनासाठीं हींच मुलें आगगाडीचा देखावा करूं लागलीं म्हणजे काय करतात? बाजारांतून विजेवर चालणारी एक गाडी आणतात, गोल रूळ मांडतात, मध्यें पुठ्ठ्याचा डोंगर उभा करून त्याला बोगदा पाडतात, आणि डोंगराच्या माथ्यावर कापूस पसरून बर्फ करतात. भोंवतीं देवदाराचीं झाडें लावतात. वसई तालुक्यांत बर्फ कोणीं केव्हां पाहिलें असें विचारलें तर हंसतात. पण पुढच्या वर्षीं कापूस पुन्हां येतो.

त्या कापसाच्या निमित्तानें चार शब्द लिहावेत असें मनांत होतें. आगगाडीच्या प्रतिकृति करणें हा छंद जगांत फार पसरलेला आहे, व चांगले शिकलेले प्रौढ लोक त्यांत आपल्या फुरसतीचीं वर्षें घालवितात. खेळणें आणि प्रतिकृति यांतील भेद किंमतीचा नाहीं. खेळणें आगगाडीसारखें दिसतें. प्रतिकृति कोणत्या तरी एका आगगाडीची असते. ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारांच्या जयविलास राजवाड्यांत जेवणाच्या मेजावर रुळांवरून फिरणारी चांदीची लहान आगगाडी आहे; तिच्यांतून पाहुण्यांपुढें पेयें व चिरूट जात असत. ती चांदीची असली तरी खेळणेंच, कारण ती कोणत्या मार्गावरची गाडी, हा प्रश्न तिला लागूच पडत नाहीं. याउलट पुण्यास कोथरुडांत श्री. बी. एस. जोशी यांनीं उभारलेलें लहान आगगाड्यांचें संग्रहालय १ एप्रिल १९९८ रोजीं लोकांस खुलें झालें. तेथें दाखविलेलें नगर काल्पनिक आहे. परंतु घरें, दिवे, सिग्नल व गाड्या हीं सर्व एका प्रमाणांत बसविलेलीं असल्यामुळें डोळा त्यांवर विश्वास ठेवतो. ज्यांना सहलीस कोठें जावें हा प्रश्न पडतो, त्यांनीं तेथें अवश्य जावें.

प्रमाण हा शब्द आला, तो नीट समजून घेतला पाहिजे. परदेशांत ज्या मापाच्या गाड्या सर्वांत अधिक विकल्या जातात त्यांस एचओ असें नांव आहे. ‘शून्य’ या जुन्या मापाच्या निम्में, असा त्या नांवाचा अर्थ. त्यांत खऱ्या वस्तूचा ८७ वा हिस्सा घेतात. युरोपांतील बहुतेक लोहमार्गांवर दोन रुळांमधील अंतर १४३५ मिलिमीटर असतें. त्याला ८७ नें भागलें कीं साडेसोळा मिलिमीटर येतात. म्हणून विकत मिळणाऱ्या रुळांमध्यें साडेसोळा मिलिमीटर अंतर ठेवलेलें असतें. येथवर हिशेब चोख आहे.

पण इंग्रजांनीं आपल्या घरीं या हिशेबांत एक गोम करून ठेविली. त्यांचे बोगदे व पूल लहान असल्यानें त्यांचीं इंजिनेंहि अंगानें बारीक; ८७ वा हिस्सा केला तर त्या काळची विजेची मोटर आंत मावेना. तेव्हां कारखानदारांनीं इंजिनाचें अंग थोडें मोठें, म्हणजे सुमारें ७६ वा हिस्सा केलें आणि रूळ मात्र साडेसोळाचेच ठेवले. अंग एका प्रमाणाचें, पाय दुसऱ्या प्रमाणाचे! या रीतीला ओओ म्हणतात. तिच्यांतील गाडी रुंद खांद्यांच्या माणसानें पाय जुळवून उभें राहावें तशी दिसते. पुढें तेथील चोखंदळ छांदिष्टांनीं चिडून आपले रूळ आपणच घडविण्यास आरंभ केला, व ते १८.८३ मिलिमीटरांपर्यंत जाऊन पोहोंचले. दोन-सवादोन मिलिमीटरांसाठीं कोणी इतकें करतें काय, असें वाचकांस वाटेल. नीतिसूत्रांच्या कर्त्याला खोट्या तागडीविषयीं काय वाटत होतें, हें आमच्या मुलांनीं उपासनेच्या तासाला पुष्कळदां ऐकलें आहे. तो मनुष्य या छांदिष्टांत शोभला असता.

आतां आपल्याकडे येऊं. हिंदुस्थानांत उतारूंची पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ रोजीं मुंबईहून ठाण्यास गेली, तेव्हांपासून आपल्या रुंद मार्गावर दोन रुळांमधील अंतर साडेपांच फूट, म्हणजे १६७६ मिलिमीटर आहे. युरोपच्या मापाहून हें २४१ मिलिमीटरांनीं अधिक. म्हणजे आपल्या विरार लोकलची ८७ व्या हिश्श्याची सुबक प्रतिकृति करून ती विकतच्या रुळांवर ठेवली, तर ती रुंद मार्गावरील गाडी राहतच नाहीं. रूळ १९.२६ मिलिमीटरांचे हवेत, आहेत साडेसोळाचे. आणि लोकलची मुद्रा तर तिच्या रुंदींतच आहे. बारा फूट रुंदीचा डबा, दाराच्या दांड्याला लटकलेलीं माणसें, आणि खालीं ऐसपैस बसलेले रूळ.

यावर उपाय दोन. एक, रूळ आपले आपण घडवावेत. हें काम हायस्कुलाच्या मुलांच्या हातून सहसा तडीस जात नाहीं. दुसरा उपाय सोपा असून तो गणिताच्या तासाला शोभण्यासारखा आहे. रूळ बदलतां येत नाहींत तर प्रमाण बदलावें. १६७६ ला साडेसोळानें भागा : उत्तर १०१.६ येतें. म्हणजे खऱ्या वस्तूचा बरोबर शंभरावा हिस्सा घेतला, तर रुळांतील अंतर १६.७६ मिलिमीटर हवें, आणि बाजारांत साडेसोळाचें मिळतें. चूक पाव मिलिमीटराची. खऱ्या मार्गावर ती एका इंचाएवढी होते. तिच्यासाठीं आम्ही कोणाचे गुण कापणार नाहीं. शिवाय शंभरावा हिस्सा म्हणजे मीटराचा सेंटिमीटर. लोकलचा डबा सुमारें २०.७ मीटर लांब आहे, तो २०.७ सेंटिमीटर करावा. त्याची रुंदी ३.६६ मीटर, ती ३.६६ सेंटिमीटर. दोन स्लीपरांच्या मध्यांतील अंतर आजच्या मार्गावर सुमारें ६० सेंटिमीटर, तें ६ मिलिमीटर. भागाकार करण्याचें कारणच उरत नाहीं. पट्टी हातांत घ्यावी आणि कापावें.

याला मोल पडतें तें असें कीं, या मापाचे तयार डबे बाजारांत मिळत नाहींत. चाकें, मोटर व रूळ विकत घ्यावेत, बाकी सर्व पुठ्ठ्यांतून, बांबूच्या काड्यांतून आणि पातळ पत्र्यांतून करावें. आम्ही तर हा लाभच समजतों. एक इशारा मात्र द्यावासा वाटतो. एचओ मापाचीं रंगविलेलीं माणसें पाकिटांत मिळतात. तीं या फलाटावर उभीं करूं नयेत. १६५ सेंटिमीटर उंचीचा मनुष्य त्या मापांत १९ मिलिमीटर होतो, आणि शंभराव्या हिश्श्याच्या फलाटावर १९ मिलिमीटर म्हणजे १९० सेंटिमीटर. नालासोपाऱ्याचा सगळा फलाट पहिलवानांनीं भरून जाईल.

येथें कोणी विचारील कीं, मग सर्वच गोष्टींचा शंभरावा हिस्सा होतो काय? होत नाहीं, आणि या छंदांतील सर्वांत शिकण्यासारखा भाग हाच आहे. लांबी शंभरावा हिस्सा झाली तर वजन किती होईल? मुलें चटकन ‘शंभरावा हिस्सा’ म्हणतात. पण लांबी, रुंदी व उंची या तिन्ही शंभरानें घटल्या. म्हणजे वजन दहा लाखांनीं घटलें. ४० टनांचा डबा घेतला तर प्रतिकृतीचें वजन ४० ग्रॅम! इतकी हलकी गाडी सांध्यावर उडते व रुळांवरून उतरते. म्हणून डब्याच्या तळाशीं शिशाचा किंवा लोखंडाचा तुकडा चिकटवावा लागतो. चाकाच्या आंतल्या अंगाला जी उभी कोर असते, जिच्यामुळें चाक रूळ सोडीत नाहीं, ती खऱ्या गाडींत तीन सेंटिमीटरांहून थोडी कमीच असते. तिचा शंभरावा हिस्सा केसासारखा बारीक होईल. म्हणून लहान चाकांची कोर मुद्दाम जाड व उंच ठेवतात. या तडजोडी आहेत. त्या का केल्या याचें उत्तर करणाऱ्यापाशीं असतें. कापसाच्या बर्फाचें उत्तर कोणापाशींहि नसतें.

वेगाचें तसेंच. काळ लहान होत नाहीं. प्रतिकृतीच्या फलाटावरहि सेकंद हा सेकंदच. ताशीं ६० किलोमीटर चालणारी गाडी शंभराव्या हिश्श्यांत एक मीटर अंतर सहा सेकंदांत तोडील. मुलांची गाडी तेवढ्यांत खोलीला तीन फेऱ्या मारते! घड्याळ लावून गाडी हळू चालवून पाहावी. ती एकदम जड व खरी दिसूं लागते.

आणि तो गोल! पेटींत मिळणाऱ्या गोल रुळांची त्रिज्या साधारण ३६ ते ४४ सेंटिमीटर असते; म्हणजे खऱ्या मार्गावर ३६ ते ४४ मीटर. आपल्या रुंद मार्गावर अगदीं तीव्र वळण म्हटलें तरी त्याची त्रिज्या १७५ मीटरांहून कमी नसते. त्याचा शंभरावा हिस्सा पावणेदोन मीटर, आणि पुरें वर्तुळ साडेतीन मीटर रुंद. एवढी जागा कोणत्या वर्गांत आहे? पण लोकलच्या प्रतिकृतीला वर्तुळाचें कामच काय? चर्चगेटची गाडी विरारला वळून तोंड फिरवीत नाहीं; दोन्ही टोकांस मोटरमनची खोली असते, तो या टोकाहून त्या टोकाला जातो आणि गाडी परत निघते. तेव्हां भिंतीलगत एक लांब, सरळ फळी टाकावी व तिच्यावर गाडी जावी-यावी. बारा डब्यांची गाडी सुमारें अडीच मीटर होते. फळी पांच मीटर मिळाली तर उत्तम. तेवढी नसेल तर चार डबे करावेत व जवळ चिठी लावावी कीं, गाडी बारा डब्यांची असते, येथें चार दाखविले आहेत.

माप ठरलें म्हणजे दुसरा प्रश्न येतो, आणि तो मुलांस फार चमत्कारिक वाटतो : तुमची गाडी कोणत्या सालची? ‘आगगाडी ती आगगाडी’ असें उत्तर येतें. पण आपल्याच मार्गाकडे पाहा. बॉम्बे, बरोडा आणि सेंट्रल इंडिया कंपनीचा लोहमार्ग २८ नोव्हेंबर १८६४ रोजीं ग्रँट रोडपर्यंत पोहोंचला. १२ एप्रिल १८६७ पासून विरारहून बॅकबेला रोज एक गाडी जाऊं लागली. तीच आपल्या लोकलची आजी. कोलाबा ते बोरिवली विजेची गाडी ५ जानेवारी १९२८ रोजीं सुरू झाली, व विरारपर्यंत वीज १९३६ सालीं आली. ५ नोव्हेंबर १९५१ रोजीं जुन्या कंपनीचें नांव जाऊन पश्चिम रेल्वे झाली. बोरिवली ते विरार चार मार्ग २००७ सालीं पुरे झाले. विजेचा दाब १५०० व्होल्टांचा होता तो बदलून २५,००० व्होल्टांचा करण्याचें काम २०१२ सालीं संपलें. २५ डिसेंबर २०१७ रोजीं, नाताळच्या दिवशीं, पश्चिम रेल्वेवर पहिली वातानुकूलित लोकल धांवली.

या प्रत्येक तारखेनें फळीवरील कांहीं तरी बदलतें. विजेच्या दाबाचेंच उदाहरण घ्या. तीच शक्ति पुरवावयाची तर १५०० व्होल्टांत प्रवाह जवळजवळ सतरापट अधिक लागतो. अधिक प्रवाहाला जाड तांबें लागतें, आणि जाड तांब्याला भक्कम आधार लागतो. म्हणून जुन्या मार्गावर माथ्यावरच्या तारा जाड व भारी. दाब वाढला तशा तारा बारीक झाल्या. परंतु वीज खांबांत उतरूं नये म्हणून चिनी मातीचे किंवा तत्सम विरोधक लांब झाले. आज खांब एकमेकांपासून फार तर ७२ मीटरांवर असतात, म्हणजे फळीवर ७२ सेंटिमीटरांवर. लांब विरोधकांच्या खांबाखालीं १९३६ सालची गाडी उभी केली, तर ती पहिल्या सेकंदांत जळून जाईल! कागदावर ही चूक टांचणीएवढी आहे. ज्याला वीज कळते त्याच्या डोळ्यांत ती मुसळाएवढी सलते.

गाडीच्या भोंवतालच्या वस्तूंसहि साल असतें. आमच्या एका विद्यार्थ्यानें १८६४ सालच्या स्टेशनाचें चित्र काढून त्यावर चपटीं मंगलोरी कौलें बसविलीं. तीं कौलें बासेल मिशनच्या कारखान्यांत मंगळुरास १८६५ सालीं, जॉर्ज प्लेब्स्ट नांवाच्या मिशनऱ्याच्या खटपटीनें निघूं लागलीं. एक वर्ष चुकलें! त्या मुलानें मुकाट्यानें घरीं जाऊन कुंभाराचीं नळीचीं कौलें काढलीं, व हें सांगतांना आम्हांस त्याचा अभिमान वाटतो. सिमेंटच्या स्लीपरांचेंहि तेंच. जुन्या गाडीखालीं लांकडाचे स्लीपर हवेत, आणि लांकूड करडें, तेलकट, कडेला चिरा गेलेलें. खडीचे तुकडे आज २० ते ६५ मिलिमीटरांपर्यंत असतात. त्यांचा शंभरावा हिस्सा म्हणजे चहाच्या गाळणींतून पडणारी वाळू. मुलें जी भरड रेती टाकतात, ती त्या मापांत शेणाच्या पाटीएवढाले धोंडे होतात.

आतां मापें घ्यावयाचीं कशीं, हा प्रश्न उरतो, आणि येथें आम्ही आवाज चढवून बोलणार आहों. मापासाठीं कोणीहि रुळांवर उतरावयाचें नाहीं. रूळ ओलांडणें हा १९८९ च्या रेल्वे कायद्यान्वयें गुन्हा आहे. आणि कायदा नसता तरी, या मार्गावर रूळ ओलांडतांना किती घरांतील दिवे विझले हें आचोळ्यांत कोणास सांगावें लागत नाहीं. जलद गाडी येतांना तिचा वेग डोळ्यांस कळत नाहीं. समोरून येणारी वस्तु बराच वेळ जागच्या जागीं मोठी होत आहे असें वाटतें, आणि मग वेळ उरत नाहीं. ज्या प्रतिकृतीसाठीं रुळांवर पाय पडला, ती आम्ही प्रदर्शनांत ठेवूं देणार नाहीं.

आणि उतरण्याची गरज तरी कोठें आहे? पादचारी पुलावरून सर्व दिसतें. डब्याची लांबी ठाऊक आहे. उभ्या गाडीशीं ताडून फलाटावरील छपराचे खांब किती अंतरावर आहेत तें काढतां येतें. फलाटाची रुंदी पावलांनीं मोजावी. त्यापूर्वीं आपलें पाऊल शाळेच्या पटांगणांत टेपनें तपासून घ्यावें. उंच वस्तूसाठीं सावली आहे. एक मीटराची काठी उन्हांत उभी करा. तिची सावली ८० सेंटिमीटर पडली आणि त्याच वेळीं रस्त्याच्या दिव्याची सावली ६ मीटर पडली, तर दिवा साडेसात मीटर उंच. समरूप त्रिकोणांचा धडा ज्यांस पुस्तकांत कळला नाहीं त्यांतील कित्येकांस तो आचोळे रोडवर कळला आहे. रंगाविषयीं मात्र आठवणीवर भिस्त ठेवूं नये. स्टेशनाच्या नांवाची पाटी पिंवळी व अक्षरें काळीं, हें सर्वांस ठाऊक असतें. पण मराठी, हिंदी व इंग्रजी या तिहींपैकीं वर कोणतें व खालीं कोणतें, असें विचारलें कीं रोज त्या पाटीखालीं उभे राहणारे बापेसुद्धां आढ्याकडे पाहतात.

यंदा नववीच्या वर्गानें नालासोपारा स्टेशनाच्या पूर्वेकडील बाजूची फळी करावयास घेतली आहे, आणि साल कोणतें धरावें यावर आठ दिवस वाद चालला. निम्म्या वर्गास १९३६ साल हवें होतें. त्यांच्या आजी-आजोबांनीं सांगितलेली पूर्वेकडची भातशेती, पावसाळ्यांतील पाणथळ व मोकळें आकाश त्यांना दाखवावयाचें होतें. हिरव्या रंगांत बुडविलेला लांकडाचा भुसाहि त्यांनीं आणून ठेवला होता. दुसऱ्या निम्म्यास आजच्या इमारती हव्या होत्या. आम्हीं कौल आजच्या बाजूनें दिला. शेतें सुंदर खरीं, परंतु तीं आम्हांस मोजतां येत नाहींत. इमारती मोजतां येतात. सात मजल्यांची इमारत फळीवर एकवीस सेंटिमीटर उंच उभी राहते, आणि तिच्यापुढें लोकल किती ठेंगणी दिसते हें पाहून मुलें स्वतःच चकित झालीं. शेतें गेलीं तेव्हां त्यांचें माप घेऊन ठेवावें असें कोणास सुचलें नाहीं. या इमारती, हे पत्र्याचे गाळे, ही रिक्षांची रांग, हेंहि कायम राहणारें नाहीं. पन्नास वर्षांनीं कोणी विचारील तेव्हां निदान एक फळी असावी.

शेवटचा पेंच तळ्याचा पडला. आचोळें म्हटलें म्हणजे तळें आलेंच, असा सर्वांचा आग्रह. तळ्यासाठीं कांचहि आणली गेली. परंतु फळीची रुंदी ६० सेंटिमीटर, म्हणजे जमीन ६० मीटर. तेवढ्यांत स्टेशनाचा फलाट, रस्ता आणि इमारतींची पहिली रांग बसते, तळें कोठचें? एका विद्यार्थिनीनें रस्त्याचें अंतर नकाशावरून काढून त्याचा शंभरावा हिस्सा केला, तों तळें फळीवर तर नाहींच, वर्गांतहि बसेना. तें भिंतीपलीकडे पडलें. कोणी म्हणालें, थोडें अलीकडे घ्यावें, कोणाला कळतें? वर्गानें तें मानलें नाहीं. तेव्हां तळें स्वतंत्र फळीवर करून बाहेर व्हरांड्यांत, आपल्या खऱ्या अंतरावर मांडावयाचें ठरलें आहे, आणि जातां-येतां कोणाचा पाय त्यांत पडूं नये म्हणून भोंवतीं खडूची रेघ ओढण्याचें काम पांचवीच्या मुलांकडे दिलें आहे.